सड्यावरचे स्वयंपूर्ण घर : मे आणि जुलै विसरण्याच्या चुका टाळा

कोकणात जमीन घेऊन विजेच्या तारेशिवाय, नळाच्या पाण्याशिवाय आणि शक्य तितके स्वतःच्या शेतातले खाऊन राहण्याचा विचार करणारी कुटुंबे बहुधा डिसेंबर-जानेवारीत जागा पाहायला येतात. त्या दिवसांत विहिरीत पाणी असते, ऊन स्वच्छ असते, हवा कोरडी असते आणि पायवाटेवर चिखल नसतो. घराचा सगळा हिशेब मग त्या दोन महिन्यांवरच बेतला जातो. गेली आठ वर्षे मी राजापूर तालुक्यात सड्याच्या, म्हणजे जांभ्याच्या खडकाळ पठाराच्या, कडेला असे घर चालवत आहे आणि आजवर पाहिलेल्या बहुतेक चुका, त्यांत माझ्याही आल्या, या एकाच कारणातून घडलेल्या आहेत. पाण्याचा हिशेब मे महिना डोळ्यांपुढे ठेवून करावा लागतो, विजेचा हिशेब जुलै महिना धरून करावा लागतो. वर्षाची सरासरी येथे उपयोगी पडत नाही.

पाणी

कोकणात वर्षाला अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, म्हणून पाण्याची चिंता नाही, हा समज सर्वांत महागात पडतो. जांभा दगड सच्छिद्र असतो. सड्यावर पडलेला पाऊस त्यातून झपाट्याने खाली उतरतो आणि उतारावरून वाहून जातो, त्यामुळे ऑगस्टमध्ये काठोकाठ भरलेली विहीर एप्रिलमध्ये तळ दाखवू शकते. विहीर पाहायची ती मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात, आणि तेव्हा जाणे जमत नसेल तर शेजारच्या वाडीतल्या बायकांना विचारावे, कारण कोणत्या विहिरीला केव्हापर्यंत पाणी असते हे त्यांच्याइतके नेमके कोणालाच ठाऊक नसते.

पागोळ्यांचे पाणी साठवायचे ठरवल्यास हिशेब सोपा आहे. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी मिळते. शंभर चौरस मीटरच्या छपरावर अडीच हजार मिलिमीटर पावसाचे अडीच लाख लिटर पाणी पडते आणि गळती-उडती वजा जाता दोन लाख लिटर हाती येऊ शकते. पाणी मिळते भरपूर, अडचण असते ती साठवण्याची. चार माणसांना दररोज माणशी पन्नास लिटर धरल्यास ऑक्टोबर ते मे या सुमारे २४० कोरड्या दिवसांसाठी ४८,००० लिटरची टाकी लागते, आणि बहुतेक जण पाच हजार लिटरची टाकी बसवून निश्चिंत होतात. एवढी मोठी टाकी बांधणे परवडत नसेल तर निदान पिण्याचे व स्वयंपाकाचे पाणी वेगळे साठवावे. माणशी दहा लिटर धरल्यास त्यासाठी दहा हजार लिटरची टाकी पुरते आणि उरलेली गरज विहिरीवर किंवा ओढ्यावर भागवता येते. ओढा असेल तर पाऊस ओसरताच, प्रवाह अजून चालू असताना, मातीने भरलेल्या सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांचा वनराई बंधारा घालावा. डिसेंबरमध्ये जाग येऊन घातलेल्या बंधाऱ्यामागे अडवण्यासारखे पाणी फारसे उरलेले नसते.

साठवलेल्या पाण्याला वास येऊ लागला तर दोन गोष्टी तपासाव्यात. मृगाच्या पहिल्या सरींत छपरावरचा पालापाचोळा, धूळ आणि पक्ष्यांची विष्ठा धुऊन येते. ते पाणी टाकीत न घेता बाहेर सोडले होते का, हे आठवून पाहावे. पाणी हिरवट झाले असेल तर टाकीत कोठून तरी उजेड शिरत आहे असे समजावे. झाकण घट्ट बसवून प्रत्येक तोंडाला बारीक जाळी लावली की शेवाळ आणि डास या दोहोंचा बंदोबस्त होतो.

वीज

एक किलोवॉट सौर पॅनेल मार्च-एप्रिलमध्ये दिवसाला चार-पाच युनिट वीज देतात. जुलैत हा आकडा बराच खाली येतो आणि सलग चार-पाच दिवस झड लागली की दिवसाला एक युनिटही मिळेनासे होते. त्यामुळे ऑगस्टमध्ये बॅटरी मेली, विक्रेत्याने फसवले, ही तक्रार वारंवार कानावर येते. पुष्कळदा मात्र बॅटरी खराब नसते, तिची उपासमार झालेली असते. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-अवर क्षमतेच्या शिसे-आम्ल बॅटरीत कागदावर १.८ युनिट वीज मावते, परंतु तिचे आयुष्य टिकवायचे असेल तर त्यातली निम्मीच, म्हणजे सुमारे ०.९ युनिट वापरायची असते. त्यातच इन्व्हर्टर नुसता चालू राहिला तरी वीस-पंचवीस वॉट खातो, म्हणजे दिवसाकाठी अर्धा युनिट घरात काहीही न चालवता संपतो. पहिल्या वर्षी माझ्या घरात हेच झाले आणि दोन बॅटऱ्या पंधरा महिन्यांत निकामी झाल्या.

यावर उपाय असे. रात्री इन्व्हर्टर पूर्ण बंद ठेवावा आणि दिवे व मोबाइल चार्जर थेट बॅटरीवर चालणाऱ्या डीसी जोडणीवर घ्यावेत. सगळे बंद करून काही तास गेल्यावर मीटरने व्होल्टेज मोजावे. ते १२.२ च्या आसपास असेल तर बॅटरी निम्मी रिकामी झालेली आहे, आणि त्याखाली ती वारंवार उतरू देऊ नये. अर्धवट चार्ज झालेली बॅटरी आठवडेच्या आठवडे तशीच राहिली की तिच्या पट्ट्यांवर क्षार घट्ट बसतात आणि ते पुढे सुटत नाहीत, म्हणून पावसाळ्यात दहा-बारा दिवसांतून एकदा छोट्या जनरेटरवर ती पूर्ण चार्ज करून घ्यावी. बॅटरीत शुद्ध केलेलेच पाणी घालावे, विहिरीचे कधीही घालू नये. विहिरीची मोटर सौर पॅनेलवर थेट दिवसा चालवून टाकी भरून ठेवावी. ढगाळ दिवसाची सोय म्हणून बॅटरी वाढवत जाण्यापेक्षा टाकीची क्षमता वाढवणे पुष्कळ स्वस्त पडते. कातळात अर्थिंग नीट लागत नाही आणि मे व ऑक्टोबरमध्ये विजा कडकडतात, म्हणून अर्थिंगची तपासणी दरवर्षी करून घ्यावी. वाडीपर्यंत विजेचा खांब आलेला असेल तर तत्त्वासाठी जोडणी नाकारू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

गोबरगॅस, जळण आणि शौचालय

दोन घनमीटरच्या गोबरगॅस संयंत्राला दररोज सुमारे पन्नास किलो शेण आणि तितकेच पाणी लागते. हे पाणी मे महिन्यातही लागते, ही गोष्ट हिशेबातून हमखास सुटते. गावठी गाय दिवसाला साधारण दहा किलो शेण देते आणि चरायला गेली तर त्यातले बरेचसे रानातच पडते, म्हणून दोन गाईंच्या भरवशावर हे संयंत्र बांधू नये. ज्योत लपलपत असेल तर नळीत पाणी साचले आहे असे समजून सर्वांत खालच्या वळणावरची तोटी उघडावी.

जळणाची आणि धान्याची आगोट, म्हणजे पावसाळ्यासाठीची साठवण, मेअखेर पूर्ण झाली पाहिजे. ओली लाकडे जुलैत वाळत नाहीत आणि घरभर धूर करतात. लाकडांचा ढीग मात्र भिंतीला लागून रचू नये.

शौचखड्डा आणि विहीर यांत निदान पंधरा मीटर अंतर ठेवण्याची शिफारस असते. जांभ्याच्या भेगांतून पाणी दूरवर जाते, त्यामुळे अंतर याहून अधिक ठेवावे आणि खड्डा विहिरीच्या खालच्या अंगाला घ्यावा. जुलैत भूजल वर आल्यावर खड्डा तुंबत असेल, तर तो जमिनीतून थोडा वर उचलून बांधणे हाच टिकाऊ उपाय आहे. गांधीवादी कार्यकर्ते अप्पासाहेब पटवर्धनांनी कणकवलीच्या गोपुरी आश्रमात मैल्याचे सोनखत करण्याचे प्रयोग याच मातीत केले. कोरड्या सोनखताचा हा मार्ग अजूनही विचारात घेण्यासारखा आहे.

जमीन आणि अन्न

शेतकरी नसलेल्या व्यक्तीला महाराष्ट्रात कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियमाच्या कलम ६३ मुळे परवानगीशिवाय शेतजमीन विकत घेता येत नाही. सातबारा सामाईक असेल तर त्यावरील प्रत्येक हिस्सेदाराची संमती पाहावी आणि जागेपर्यंतची वाट कागदावर आहे का, हे खरेदीपूर्वीच तपासावे.

चार माणसांना वर्षाला सुमारे पावणेपाचशे किलो तांदूळ लागतो आणि त्यासाठी सातशे किलोहून अधिक भात पिकवावे लागते. आमच्याकडे गावठी वाणाचे गुंठ्याला पंचवीस किलोच्या आसपास भात येते, म्हणजे जवळजवळ तीस गुंठे लावणी करावी लागते, आणि तीही माकडे व रानडुकरे यांच्यापासून राखून. पहिली दोन वर्षे निम्मे धान्य विकत घ्यावे लागेल असे गृहीत धरून रोख रक्कम बाजूला ठेवावी.

पावसाळ्यातील आजारपण

लाकडांच्या ढिगात आणि गडग्याच्या, म्हणजे दगडी कुंपणाच्या, फटींत फुरसे हा विषारी साप दडतो, म्हणून तेथे अंधारात हात घालू नये. साप चावल्यास जखम कापू नये आणि आवळपट्टी बांधू नये. तो हात किंवा पाय हलू न देता प्रतिविष मिळेल अशा रुग्णालयात लगेच न्यावे. ते कोठे मिळते, हे पाऊस लागण्यापूर्वी स्वतः जाऊन विचारून यावे. जूनपासून गाडी अंगणात न आणता डांबरी रस्त्याला लागून, तोंड गावाकडे करून उभी करावी, आणि फोन व विजेरी यांसाठी एक लहान बॅटरी वेगळी ठेवून ती घरातल्या दुसऱ्या कोणत्याही कामाला वापरू नये.