थेरपीचं पहिलं सेशन: आत गेल्यावर नक्की काय होतं

थेरपिस्टकडे जायचं असं ठरवलं त्याला आणि खरंच अपॉइंटमेंट घेतली त्याला, मध्ये माझे जवळजवळ आठ महिने गेले. नंबर सेव्ह करून ठेवलेला, मेसेज पण टाइप केलेला, पण पाठवायचं म्हटलं की पोटात गोळा यायचा. आत काय विचारतील, मला काही बोलताच आलं नाही तर, रडू आलं तर, आणि सगळ्यात मोठी भीती म्हणजे त्यांना वाटलं की हिला काय झालंय, एवढ्याशा गोष्टीसाठी आली, तर? आत काय होतं हे कोणीतरी आधी नीट सांगितलं असतं तर एवढा वेळ गेला नसता असं मला खूप वाटतं, म्हणून हे सविस्तर लिहितेय.

आधी एक गोंधळ दूर करू. सायकियाट्रिस्ट म्हणजे मानसोपचारतज्ज्ञ, ते डॉक्टर असतात आणि औषधं देतात. सायकॉलॉजिस्ट आणि काउन्सेलर मुख्यतः बोलून काम करतात, म्हणजे थेरपी देतात, औषधं बहुतेक ठिकाणी देत नाहीत. कधी दोन्ही लागतं, म्हणजे औषध एकाकडून आणि थेरपी दुसऱ्याकडे, आणि त्यात काही कमीपणा नाही. आणि हो, खूप थकवा, उदास वाटणं, झोपेचं खोबरं असं असेल तर फॅमिली डॉक्टरकडे एकदा ब्लड टेस्ट पण करून घ्या, कारण थायरॉइड कमी असलं किंवा बी१२ कमी असलं तरी अगदी असंच वाटू शकतं.

खाजगी थेरपिस्ट शोधताना डिग्री विचारायची, हे मी ठामपणे सांगते. बऱ्याच ठिकाणी "काउन्सेलर" ही पाटी लावायला कायद्याने काही अडत नाही, आठवड्याभराचा कोर्स करून पण लोक लावतात. त्यामुळे शिक्षण काय, तुमच्या भागात लायसन्स किंवा रजिस्ट्रेशन लागत असेल तर ते आहे का, माझ्यासारख्या त्रासावर आधी काम केलंय का, आणि तुम्ही सुपरव्हिजन घेता का, हे सरळ विचारा. सुपरव्हिजन म्हणजे थेरपिस्ट स्वतः एखाद्या अनुभवी थेरपिस्टबरोबर आपल्या केसेसबद्दल बोलतात, क्लायंटची ओळख उघड न करता, आणि चुका होत नाहीत ना ते बघतात. चांगल्या थेरपिस्टला या प्रश्नांचा राग येत नाही. ज्याला येतो त्याच्याकडे जाऊच नका.

पैशाचं पण फोनवरच बोलून टाका. एका सेशनची फी किती, सेशन किती वेळाचं, आधी भरायची की नंतर, परवडत नसेल तर कमी होईल का (खूप जण काही जागा कमी फीच्या ठेवतात पण विचारल्याशिवाय सांगत नाहीत), आणि कॅन्सल केलं तर काय. साधारण २४ किंवा ४८ तास आधी कळवलं नाही तर पूर्ण फी घेतात, हा नियम बहुतेकांचा असतो. इन्शुरन्समधून पैसे मिळणार असतील तर कंपनीला तुमच्या त्रासाचं निदान (डायग्नोसिस) कळवावं लागू शकतं, ते कुणाकुणाला दिसेल हेही आधी विचारून ठेवा.

पहिला दिवस

सेशन बहुतेक ४५ ते ५० मिनिटांचं असतं, पहिलं कधीकधी जरा मोठं. सुरुवातीला फॉर्म असतो, त्यात संमतीपत्र असतं आणि गोपनीयतेचे नियम. हा कागद घाईत सही करून सोडू नका, वाचा, कारण तुम्ही जे बोलाल ते त्यांच्याकडेच राहतं पण त्याला काही अपवाद असतात. तुमच्या जिवाला लगेचचा धोका असेल, तुमच्याकडून दुसऱ्या कुणाला गंभीर इजा होण्याची शक्यता असेल, एखाद्या लहान मुलावर अत्याचार होतोय असं कळलं, किंवा कोर्टाने माहिती मागितली, तर त्यांना बोलावं लागू शकतं. नेमके नियम देशाप्रमाणे बदलतात म्हणून तोंडी विचारा, "कुठल्या परिस्थितीत तुम्ही माझ्याबद्दल दुसऱ्याला सांगाल?" माझं तर हे ऐकूनच अर्धं टेन्शन गेलं, कारण मला वाटत होतं घरच्यांना फोन जाईल.

मग काहीजण एक-दोन प्रश्नावल्या भरायला देतात. पीएचक्यू-९ नावाची फार वापरली जाते, डिप्रेशनसाठी, त्यात ९ प्रश्न असतात, गेल्या दोन आठवड्यांत कसं वाटलं त्याबद्दल, आणि स्कोअर ० ते २७ मध्ये येतो. सतत वाटणाऱ्या काळजीसाठी, म्हणजे अँग्झायटीसाठी, जीएडी-७ असते, ७ प्रश्नांची. ही काही परीक्षा नाही हो, आकडा जास्त आला म्हणून घाबरू नका आणि कमी यावा म्हणून उत्तरं गुळगुळीत करू नका. दोन-तीन महिन्यांनी परत भरली की फरक पडतोय का ते दिसतं, त्यासाठी ती जास्त उपयोगी आहे.

त्यानंतर प्रश्न. आत्ताच का यावंसं वाटलं, हा बहुतेक पहिला असतो. मग झोप, जेवण, काम, घरात कोण कोण, आधी कधी ट्रीटमेंट घेतली का, कुठली औषधं चालू, दारू किंवा इतर नशा. आणि एक प्रश्न असा येईल की दचकायला होईल: जीव द्यावा असं मनात येतं का? हा जवळजवळ सगळ्यांना विचारतात, तुमच्याकडे बघून काही संशय आला म्हणून नाही. विचारल्याने तो विचार डोक्यात घातला जातो असंही नाही, उलट बोलून मोकळं वाटतं. खरं उत्तर द्या. असे विचार येतात म्हटलं की लगेच उचलून हॉस्पिटलात टाकतात असं नसतं, ते पुढे विचारतात की नुसता विचार येतो की काही ठरवलंय, कधी, कसं, आणि मग तुम्ही सुरक्षित कसे राहाल त्याचा दोघं मिळून प्लॅन करतात. धोका अगदी समोर असेल तरच पुढची पावलं उचलली जातात.

या सगळ्यामुळे पहिलं सेशन जरा मुलाखतीसारखं वाटतं आणि घरी येताना "हे काय, नुसती माहितीच घेतली" असं होऊ शकतं. ते ठीक आहे. सगळं पहिल्याच दिवशी सांगायची गरजही नाही. एखादी गोष्ट फार खोल लागलेली असेल, लहानपणची वगैरे, तर चांगले थेरपिस्ट पहिल्या दिवशी ती उकरत नाहीत, आणि कोणी उकरायला लागलंच तर "यावर आज नको" एवढं म्हणायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

तोंडातून शब्दच फुटले नाहीत तर? मोबाइलमध्ये चार ओळी लिहून न्या आणि वाचून दाखवा, किंवा फोनच त्यांच्या हातात द्या, मी तेच केलं होतं. रडू आलं तर रडा, टिशूचा डबा तिथे ठेवलेला असतो तो त्यासाठीच. मध्ये शांतता होईल, ती भरून काढायची जबाबदारी तुमची नाही. आणि एक होतं बघा, खूप जणांचं होतं, सेशन संपायला पाच मिनिटं उरली की नेमकी मुख्य गोष्ट बाहेर पडते, इतका वेळ घशाशी अडकलेली असते ती. थेरपिस्टना हे चांगलं माहीत असतं, ते म्हणतील पुढच्या वेळी इथूनच सुरू करू. तुम्हाला वाटेल आपल्याला तोडलं, पण वेळ पाळणं हाही कामाचा भाग आहे.

सल्ला मिळेल अशी अपेक्षा असेल तर ती जरा बाजूला ठेवा. नोकरी सोडू का, या माणसाबरोबर राहू का, याचं उत्तर ते देणार नाहीत, तुमच्याकडूनच हळूहळू काढून घेतील. मला सुरुवातीला याचा फार राग यायचा, म्हणजे पैसे देऊन परत मीच विचार करायचा का! पण दुसऱ्यांनी सांगितलेल्या निर्णयांवरच तर आपण इतकी वर्षं चालत आलेलो असतो.

सेशननंतर दमायला होतं. डोकं दुखतं, झोप येते, किंवा आपण जरा जास्तच बोललो, कशाला सांगितलं ते, अशी लाज वाटते रात्री. पहिल्या काही आठवड्यांत आधीपेक्षा वाईट वाटणं पण होऊ शकतं कारण दाबलेलं वर येतं. म्हणून लगेच मीटिंग ठेवू नका, अर्धा तास मोकळा ठेवा, जमलं तर चाला. पण हे वाईट वाटणं आठवडेच्या आठवडे वाढतच चाललं तर गप्प बसू नका, त्यांना सांगा.

पटतंय की नाही

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं हे आहे. १९७९ मध्ये एडवर्ड बोर्डिन नावाच्या मानसशास्त्रज्ञाने थेरपिस्ट आणि क्लायंटच्या नात्यात तीन गोष्टी सांगितल्या: कुठे पोचायचंय यावर दोघांचं एकमत, त्यासाठी काय करायचं यावर एकमत, आणि एकमेकांवर विश्वास. पुढे यावर खूप अभ्यास झाला आणि हे नातं चांगलं असेल तर गुण येण्याची शक्यता जास्त, हे पुन्हा पुन्हा दिसलंय. म्हणजे "मला या माणसासमोर बोलता येतं का" हा प्रश्न लाडाचा नाही, उपचाराचाच आहे.

माझी पहिली थेरपिस्ट मला पटली नव्हती, मी बोलत असताना मध्येच तोडून स्वतःची उदाहरणं द्यायची. मी काय केलं, तर तीन सेशननंतर मेसेजला उत्तर देणंच बंद केलं, आणि मग थेरपी आपल्यासाठी नाही असं म्हणून वर्षभर कुठेच गेले नाही. दुसऱ्या थेरपिस्टकडे पण एकदा असं झालं, त्या एक वाक्य बोलल्या जे मला फार लागलं. आठवडाभर जाऊ नये असंच वाटत होतं. पण गेले आणि बसल्याबसल्या म्हटलं, "मागच्या वेळी तुम्ही जे म्हणालात ते मला लागलं." हात थरथरत होते. त्या थांबल्या, कुठलं वाक्य ते विचारलं, सफाई दिली नाही, सॉरी म्हणाल्या, आणि मग विचारलं की असं लागलेलं तुम्ही इतर ठिकाणी कुणाला सांगता का? मी आयुष्यात कुणालाच सांगत नव्हते. माझी खरी थेरपी त्या दिवशी सुरू झाली, सातवं सेशन होतं ते.

त्यामुळे तीन-चार सेशन द्या, आणि खुपतंय ते आधी त्यांना सांगून बघा, भीड बाजूला ठेवून. ऐकून घेतलं तर माणूस चांगला. तरीही जमत नसेल तर "मला दुसऱ्या कुणाकडे जाऊन बघायचंय, नाव सुचवाल का" असं विचारता येतं, त्यांना याची सवय असते.

काही गोष्टींना मात्र चार सेशन द्यायचे नाहीत, तिथून लगेच निघायचं. शारीरिक जवळीक किंवा तसं बोलणं, तुमच्याशी धंद्याचा किंवा उसनवारीचा व्यवहार, दुसऱ्या क्लायंटच्या गोष्टी ओळखू येतील अशा सांगणं, तुम्हाला लाज वाटेल असं बोलणं, इतक्या सेशनमध्ये बरं करतो अशी गॅरंटी, आणि डॉक्टरला न विचारता औषधं बंद करा म्हणणं.

पद्धतींची नावं खूप ऐकाल. सीबीटी (कॉग्निटिव्ह बिहेवियरल थेरपी) सगळ्यात जास्त ऐकाल, १९६० च्या दशकात अॅरन बेक यांनी डिप्रेशनसाठी ती मांडली, त्यात विचार, भावना आणि वागणं यांची साखळी शोधतात आणि घरी करायला काम देतात, वहीत नोंदी वगैरे. साधारण १२ ते २० सेशन धरतात. सायकोडायनॅमिक पद्धतीत जुनी नाती, पुन्हा पुन्हा होणारे तेच ते घोळ यावर काम होतं आणि ते जास्त दिवस चालू शकतं. तुम्ही कुठली पद्धत वापरता आणि माझ्यासाठी तीच का, एवढं विचारलं तरी पुरे, बाकी वाचत बसू नका. सुरुवातीला आठवड्यातून एकदा जावं लागतं, मग अंतर वाढवतात.

ऑनलाइन घेणार असाल तर हेडफोन लावा, दार लागेल अशी जागा बघा, घरात जागा नसेल तर पार्क केलेली गाडी पण चालते. त्या वेळी तुम्ही कुठे आहात तो पत्ता आणि एक जवळचा नंबर ते मागतील, द्या, कारण काही झालं तर त्यांना मदत पाठवता यायला हवी.

आणि दोन सेशनच्या मध्ये थेरपिस्ट २४ तास उपलब्ध नसतात. जीव द्यायचे विचार पक्के व्हायला लागले तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट बघायची नाही, जवळच्या हॉस्पिटलची इमर्जन्सी, तुमच्या भागातली हेल्पलाइन, किंवा आत्ता शेजारी जो असेल तो, लगेच.

पहिला मेसेज कसा लिहायचा यावरच अडला असाल तर हा घ्या, हवा तसा बदला: "नमस्कार, मला थेरपी सुरू करायची आहे. काही महिन्यांपासून झोप लागत नाही आणि कशातच मन लागत नाही. तुमच्याकडे नवीन क्लायंटसाठी जागा आहे का? फी आणि वेळ कळवाल का? मला संध्याकाळी सहानंतर जमेल." यापेक्षा जास्त लिहायची गरज नाही, बाकीचं आत गेल्यावर बोलता येतं.