रूथची गोष्ट टीव्हीसाठी लिहिताना

बायबलमधलं रूथचं पुस्तक अवघं चार अध्यायांचं, 85 वचनांचं. परक्या मवाब देशातली विधवा रूथ सासूबरोबर बेथलेहेमात येते आणि तिथल्या बवाज नावाच्या शेतमालकाशी तिचं लग्न होतं, ही ती गोष्ट. त्यावर तीन भागांची पटकथा लिहायचं काम आलं तेव्हा मला वाटलं, गोष्ट फार छोटी आहे, भर घालावी लागणार. मी विहिरीवरची भेट लिहिली, पावसात अडकणं लिहिलं. बेथलेहेमात सातूच्या कापणीच्या दिवसांत पाऊस क्वचितच पडतो, हेही मला ठाऊक नव्हतं. पहिला ड्राफ्ट परत आला, आणि बरंच झालं.

या कामात नव्याने येणाऱ्यांना माझं सांगणं आहे, आधी मूळ गोष्ट मोठ्याने वाचा, पुन्हा पुन्हा वाचा. 'तू जाशील तिथे मी येईन' ही प्रसिद्ध आणभाक रूथ सासूपुढे, नामीपुढे घेते. बवाज तेव्हा गोष्टीत आलेलाही नसतो.

मग रूथ आणि बवाज यांचं प्रेम दिसतं कुठे? सरव्यात, म्हणजे राहिलेली कणसं वेचण्यात. कापणीनंतर शेतात राहिलेली कणसं गरिबांसाठी, परक्यांसाठी सोडावीत, असा मोशेच्या नियमशास्त्राचा दंडक. बवाज त्यापुढे जातो. गड्यांना सांगतो, पेंढ्यांतल्या लोंब्या मुद्दाम ओढून टाका, तिला रागावू नका. संध्याकाळी रूथ झोडपून बघते तर एफाभर सातू, म्हणजे वीसेक लिटरचं माप! हा सीन मी संवादाशिवाय लिहिला: गड्याचा हात, गळणाऱ्या लोंब्या, लांबून बघणारा बवाज.

संबोधनांना वेळ द्या. मुळात बवाज रूथला 'मुली' म्हणतो. वाहिनीकडून निरोप आला, काढा. नायक नायिकेला असं कसं म्हणेल? मी ते ठेवायला भांडले. तो वयाने मोठा आहे, आणि ती तरुणांच्या मागे गेली नाही याचं त्याला अप्रूप आहे. ते त्या एका शब्दात येतं.

सगळ्यात जास्त दिवस गेले ते 'कानाफ'वर. या हिब्रू शब्दाचा अर्थ पंखही आणि वस्त्राचा काठही. शेतात बवाज तिला म्हणतो, ज्या देवाच्या पंखांखाली तू आसऱ्याला आलीस तो तुझं भलं करो. पुढे खळ्यावर मध्यरात्री रूथ त्याच शब्दात त्याच्या वस्त्राचा काठ मागते, म्हणजे लग्नच मागते. दिलेला आशीर्वाद आता तुम्हीच खरा करा, असं. मराठीतही दोन्हीकडे एकच शब्द हवा होता. मी 'पदर' घेतला. देवाच्या पदराखाली, आणि शेल्याचा पदर. पण 'पदर पसरा' म्हटलं की याचना होते, म्हणून 'आपल्या शेल्याचा पदर माझ्यावर घाला'.

त्या रात्री याहून जास्त दाखवायचा आग्रह होईल. मूळ गोष्ट एवढंच सांगते की ती पहाटेपर्यंत त्याच्या पायांशी निजली आणि माणूस माणसाला ओळखू येण्याआधी उठली. तिथेच थांबा.

नवरा आणि दोन्ही मुलगे गमावून मवाबातून परतल्यावर नामी गावच्या बायकांना म्हणते, भरली गेले होते, रिकामी आले. खळ्यावरून रूथ निघते तेव्हा बवाज तिच्या ओढणीत सहा मापं सातू घालतो, सासूकडे रिकाम्या हातांनी जाऊ नकोस म्हणून. हिब्रूत 'रिकामी'साठी दोन्हीकडे एकच शब्द आहे. तालमीत आमच्या नामीने ते सातू ओंजळीत घेतले आणि बराच वेळ तशीच बसून राहिली. तिच्यासाठी लिहिलेलं वाक्य मी तिथेच खोडलं.