आयव्हीएफपूर्वीचा हार्मोन रिपोर्ट कसा वाचावा

आयव्हीएफच्या, म्हणजे शरीराबाहेर गर्भधारणा घडवून भ्रूण गर्भाशयात सोडण्याच्या उपचाराच्या, तयारीत होणाऱ्या रक्ततपासण्यांपैकी सर्वाधिक धसका एएमएच या हार्मोनचा घेतला जातो. आकडा १ च्या खाली आला की ‘आता मूल होणे अवघड’ असा निकाल पुष्कळदा डॉक्टरांना भेटण्याआधी घरीच लागतो. वस्तुतः एएमएच हे हार्मोन बीजांडकोशातील लहान फॉलिकलांच्या (ज्यांत बीजे वाढतात त्या पिशव्यांच्या) पेशी तयार करतात, त्यामुळे बीजे वाढवणारी इंजेक्शने सुरू केल्यावर साधारण किती बीजे हाती लागतील याचा अंदाज त्यावरून बांधता येतो. ती बीजे कोणत्या प्रतीची असतील हे मात्र मुख्यतः वय ठरवते. उपचारांना बीजांडकोशाचा प्रतिसाद कमी कधी मानावा हे ठरवणाऱ्या, २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बोलोन्या निकषांत एएमएचसाठी ०.५ ते १.१ (नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर) ही जी मर्यादा दिली आहे, तीसुद्धा बीजे कमी मिळण्याची आहे, गर्भ न राहण्याची नव्हे. ०.९ एएमएच असलेल्या तिशीतल्या स्त्रीला बीजे कमी मिळाली तरी तिच्या एकेका भ्रूणाची रुजण्याची शक्यता ३ एएमएच असलेल्या बेचाळीस वर्षांच्या स्त्रीपेक्षा सहसा अधिक असते.

आकड्याआधी त्याच्यापुढचे एकक पाहावे. काही प्रयोगशाळा नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर वापरतात, तर काही पिकोमोल प्रति लिटर, आणि पहिल्यावरून दुसरे काढण्यासाठी ७.१४ ने गुणावे लागते. एका रिपोर्टमधील १.१ आणि दुसऱ्यातील ७.९ हे जवळजवळ एकच मूल्य आहे. एकक न पाहिल्यास सहा महिन्यांत एएमएच सातपट वाढल्याचा आनंद उगाच साजरा व्हायचा. गर्भनिरोधक गोळ्या चालू असताना एएमएच कमी दिसू शकते, आणि केसांसाठी घेतलेल्या बायोटिन या जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रेमुळे काही हार्मोन तपासण्या चुकतात, म्हणून रक्त देण्यापूर्वी दोन्ही गोष्टी सांगाव्यात. आकडा फार मोठा असणे हेही निर्धास्त होण्याचे कारण नाही: पीसीओएसमध्ये (बीजांडकोशात अनेक लहान फॉलिकल साठण्याच्या विकारात) तो वाढलेला असतो आणि अशा वेळी बीजांडकोश औषधांना अति प्रतिसाद देऊन सुजण्याचा धोका असल्याने डॉक्टर इंजेक्शनांची मात्रा बेताची ठेवतात.

एएमएच पाळीच्या कोणत्याही दिवशी तपासता येते, एफएसएच (फॉलिकल वाढवणारे आणि बीजांचा साठा घटला की वाढणारे हार्मोन) मात्र दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशीच, आणि तेही एस्ट्रॅडिओल या स्त्री-हार्मोनसह. याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. एस्ट्रॅडिओल वाढले की मेंदूतील पिट्युटरी ग्रंथी एफएसएच कमी सोडते. त्यामुळे ‘एफएसएच ७, अगदी नॉर्मल’ असे वाचताना शेजारी एस्ट्रॅडिओल ९० पिकोग्रॅम असेल, तर ते ७ दाबले गेलेले आहे आणि त्यावर विसंबता येत नाही. रिपोर्टवर पाळीचा दिवस छापलेला नसतो. तो स्वतःच पेनाने लिहून ठेवावा.

टीएसएच (थायरॉइडचे काम दाखवणारे हार्मोन) आणि प्रोलॅक्टिन (दूध निर्माण करणारे हार्मोन) यांत घोळ थोडा. आयव्हीएफपूर्वी टीएसएच २.५ च्या आत आणण्याकडे अनेक डॉक्टरांचा कल असतो. प्रोलॅक्टिन ताणाने आणि झोपेने वाढते, म्हणून उठल्यानंतर दोन-तीन तासांनी, थोडे शांत बसून रक्त द्यावे. किंचित वाढलेला आकडा दिसल्यास औषधाआधी फेरतपासणीचा आग्रह धरावा.

उपचार सुरू झाल्यावर खरा महत्त्वाचा आकडा गर्भाशयाचे अस्तर तयार करणाऱ्या प्रोजेस्टेरॉन हार्मोनचा, आणि त्याविषयी कुणी फारसे बोलत नाही. बीजे पक्व करण्याच्या शेवटच्या इंजेक्शनच्या दिवशी ते साधारण १.५ नॅनोग्रॅमच्या वर गेले, तर गर्भाशयाचे अस्तर भ्रूणाच्या वाढीच्या आधीच पुढच्या टप्प्यात गेलेले असते. अशा वेळी त्याच चक्रात भ्रूण न सोडता सर्व भ्रूणे गोठवून पुढच्या चक्रात सोडण्याचा सल्ला मिळू शकतो. भ्रूणांत दोष निघाला असा त्याचा अर्थ नव्हे.

भ्रूण सोडल्यानंतर घरी लघवीची तपासणी घाईने करू नये, कारण बीजे पक्व करण्याचे शेवटचे इंजेक्शन एचसीजीचे (गर्भ राहिल्यावर वाढणाऱ्या, गर्भतपासणीत पाहिल्या जाणाऱ्या हार्मोनचे) असेल तर त्याचा अंश दहा-बारा दिवस शरीरात राहून खोटी दुसरी रेघ उमटवू शकतो. डॉक्टरांनी दिलेल्या तारखेला रक्तातील बीटा एचसीजी तपासावे आणि त्याच प्रयोगशाळेत ४८ तासांनी पुन्हा तपासावे. सुरुवातीच्या दिवसांत या अवधीत आकडा निदान दीडपट व्हायला हवा. तो तसा न वाढल्यास, किंवा पोटात एका बाजूला दुखू लागल्यास, पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे.