अबू तालिब वर्गात कसे शिकवावेत

मिरजेत मी आठवी-नववीला इतिहास शिकवते. इस्लामचा उदय शिकवताना मुहंमद पैगंबरांचे चुलते अबू तालिब यांना एका वाक्यात उरकू नका, अख्खा तास द्या.

आधी फळ्यावर घराणं काढा. कुरैश टोळी, तिच्यातलं बनू हाशिम कुळ, आजोबा अब्दुल मुत्तलिब. त्यांच्या मुलांपैकी अब्दुल्ला, अबू तालिब, अबू लहब. अब्दुल्लांच्या खाली मुहंमद पैगंबर. वडील जन्माआधी गेले, सहाव्या वर्षी आई, आठव्या वर्षी आजोबा. मग सांभाळलं चुलते अबू तालिबांनी. भावकी काय असते हे आपल्याकडच्या पोरांना समजावावं लागत नाही.

आता विचारा: पोलीस नाहीत, कोर्ट नाही, तुला कुणी मारलं तर जाब कोण विचारणार? उत्तर येईपर्यंत थांबा. मक्केत जाब विचारायचं ते कुळ. कुळप्रमुखाने हात काढला की माणूस उघडा पडायचा. म्हणून पैगंबरांच्या नव्या धर्माचे विरोधक बनू हाशिमचे प्रमुख अबू तालिबांकडे गेले: पुतण्याला आवरा, नाहीतर आमच्या हवाली करा. बदल्यात उमारा नावाचा तरुण देऊ केला. तुमचं पोर मी पोसायचं आणि माझं तुम्हाला मारायला द्यायचं, असं त्यांनी सुनावल्याचं परंपरा सांगते. हा प्रसंग मुलांकडून वठवून घ्या.

सगळ्यात जास्त वेळ कुरैशच्या विरोधकांनी बनू हाशिमवर टाकलेल्या बहिष्काराला द्या. साधारण इ.स. 616 ते 619. रोटी-बेटी बंद, खरेदी-विक्री बंद, तसा करार मक्केतल्या पवित्र काबागृहात टांगलेला. कुळ अबू तालिबांच्या घळीत जाऊन राहिलं. इस्लाम न स्वीकारलेले हाशिमीसुद्धा सोबत गेले, पैगंबरांचा दुसरा चुलता अबू लहब मात्र विरोधकांत. कुळाबाहेरचे हिशाम इब्न अम्र रात्री उंटावर धान्य लादून उंट घळीत हाकलून द्यायचे. वाळीत टाकण्याविरुद्ध महाराष्ट्राला 2016 मध्ये कायदा करावा लागला, हे इथेच सांगा.

अबू तालिब मुसलमान झाले का, हा प्रश्न येणारच. बहुतेक सुन्नी परंपरा नाही म्हणते, शिया परंपरा ठामपणे हो म्हणते. दोन्ही सांगा, निवाडा देऊ नका. पुतण्याला त्यांनी सोडलं नाही, यावर दोघांचं एकमत आहे आणि मुलांपर्यंत मला तेच पोचवायचं असतं.

शेवटी 619 लिहा. त्या वर्षी अबू तालिब गेले, पैगंबरांच्या पत्नी खदीजाही गेल्या. कुळाची सूत्रं अबू लहबकडे आली, संरक्षण गेलं. पैगंबर मक्केजवळच्या ताइफ शहरात गेले, तिथे दगड खाल्ले. मक्केत परतायला दुसऱ्या कुळातल्या मुतइम इब्न अदींचा आसरा घ्यावा लागला. 622 ची हिजरत, म्हणजे पैगंबरांचं मक्का सोडून मदिनेला जाणं, पुढच्या तासाला घ्या.