साउंड कार्डचे व्होल्ट कसे जुळवावेत?

संगणकाच्या साउंड कार्डने अॅम्प्लिफायर मोजायचा, तर एक अडचण आहे. साउंड कार्डला व्होल्ट कळत नाहीत. आलेला सिग्नल आपल्या कमाल मर्यादेच्या किती खाली आहे, एवढंच त्याला कळतं. त्यामुळे स्क्रीनवर ‘उणे ९ डेसिबल’ दिसलं तरी अॅम्प्लिफायरमधून अर्धा व्होल्ट येतोय की दोन, ते त्यावरून सांगता येत नाही.

लॅपटॉपवर हल्ली हेडसेटचा एकच जॅक असतो. त्यातलं इनपुट माइकसाठीचं आणि मोनो, वर माइकला लागणारं डीसी व्होल्टेजही तिथे असतं. त्याच्या नादी लागू नका. लाइन-इन (माइकऐवजी इतर उपकरणांचा सिग्नल घेणारं इनपुट) असलेलं बाहेरचं यूएसबी कार्ड घ्या. विंडोजमधली सगळी ‘ऑडिओ एन्हान्समेंट्स’ बंद करा, इनपुट-आउटपुट दोन्हींचा सॅम्पल रेट ४८ किलोहर्ट्झ ठेवा. मी एकदा दोन दिवस अॅम्प्लिफायरचे कपॅसिटर बदलत बसलो होतो. बास फुगवत होती ती विंडोजचीच एक सेटिंग.

आता डाव्या चॅनलचं लाइन-आउट केबलने डाव्या लाइन-इनला जोडा. इनपुटचा आवाज स्पीकरवर ऐकवण्याची सोय बंद हवी, नाहीतर सिग्नल गोलगोल फिरत राहतो. ‘रूम ईक्यू विझार्ड’ हे मोफत सॉफ्टवेअर या कामाला उत्तम. त्याच्या प्रेफरन्सेसमध्ये साउंड कार्डच्या पानावर कॅलिब्रेशनचं बटण आहे. पातळी उणे १२ डेसिबलच्या आसपास ठेवून स्वीप, म्हणजे खालपासून वरपर्यंत चढत जाणारा सूर, सोडा. आलेख मधे सपाट आणि दोन्ही टोकांना थोडा झुकलेला येतो. तो फाइल म्हणून साठवा, फाइल लावून पुन्हा मोजा. आता सरळ रेघ आली पाहिजे. या फाइलमध्ये आउटपुट आणि इनपुट दोघांचे दोष एकत्र असतात. त्यामुळे सिग्नल दुसऱ्याच उपकरणातून येत असेल, तर ही फाइल लावू नका.

खरी मेख व्होल्टमध्ये आहे. बाजारातल्या स्वस्त पिवळ्या मल्टिमीटरवर एसीच्या रेंज सहसा दोनच, २०० आणि ७५० व्होल्ट. त्यावर अर्धा व्होल्ट नीट वाचता येत नाही. एसीची २ व्होल्टची रेंज असलेलं मीटर मिळवा, शेजाऱ्याकडून उसनं आणलं तरी चालेल. साधी मीटर साधारण ४०० हर्ट्झपर्यंतच भरवशाची, म्हणून १ किलोहर्ट्झचा मोह टाळा. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ५०, १०० आणि १५० वर तिची गुणगुण मिसळते. मी सॉफ्टवेअरच्या जनरेटरमधून १२० हर्ट्झची साइन, म्हणजे एकच शुद्ध सूर, लावतो. केबल जोडलेलीच ठेवून तिच्या टोकांवर व्होल्ट मोजा, कारण इनपुटच्या लोडने आउटपुट थोडं खाली येतं.

समजा मीटरने ०.५ व्होल्ट दाखवले आणि सॉफ्टवेअरने उणे ९ डेसिबल. ९ डेसिबल म्हणजे २.८२ पट, म्हणजे कार्डाची कमाल मर्यादा ०.५ × २.८२ = १.४१ व्होल्ट आरएमएस (एसी मीटर दाखवतं ते परिणामी मूल्य). हा आकडा कार्डावरच चिकटपट्टी लावून लिहा. काही सॉफ्टवेअर पूर्ण पातळीच्या साइनला शून्य म्हणतात, काही उणे ३. तुमचं कोणतं, ते आधी पाहून घ्या. मग जनरेटर १० डेसिबलने खाली आणा. वाचनही बरोबर १० ने उतरलं पाहिजे. कार्डावरची गेनची (सिग्नल कमी-जास्त करण्याची) मूठ जरा जरी हलली तरी हे सगळं पुन्हा करावं लागतं; मी तिथे नेलपॉलिशचा ठिपका देऊन ठेवलाय.

अॅम्प्लिफायरचं स्पीकर-आउटपुट सरळ कार्डाला कधीही जोडू नका. ८ ओहमवर ५० वॉट म्हणजे २० व्होल्ट. मधे २२ किलोओहम आणि १ किलोओहम अशा दोन रेझिस्टरचा व्होल्टेज विभाजक घाला आणि १ किलोओहमवरचे व्होल्ट कार्डाला द्या, म्हणजे कार्डापर्यंत ०.८७ व्होल्टच पोचतात. विभाजक लावल्यावर व्होल्टची जुळणी पुन्हा करा. क्लास-डी बोर्डांवर आणि गाडीतल्या अॅम्प्लिफायरांवर बऱ्याचदा स्पीकरची दोन्ही टोकं जिवंत असतात, एकही ग्राउंड नसतं. तिथे ‘उणे’ टोकाला कार्डाचं ग्राउंड जोडलंत, तर एकतर अॅम्प्लिफायर जातो, नाहीतर कार्ड.