पहिलं वेल्डिंग मशीन घेण्याआधी घरची लाइन बघा

कुंड्यांचा स्टँड, माडीची जाळी, शेडचं दार असलं काही घरी करायची हौस असेल, तर सरळ आर्कचं, म्हणजे रॉड आणि लोखंड यांच्यातल्या ठिणगीच्या ज्योतीवर (आर्कवर) चालणारं, हलकं इन्व्हर्टर मशीन घ्या. मिग आणि टिग या वेल्डिंगच्या दुसऱ्या दोन पद्धती: मिगला सीओटूची टाकी लागते, टिगला आर्गॉनची. आम्ही अंगणात काम करणारी माणसं. वाऱ्याने गॅस उडाला की जोडात भोकं पडतात. रॉडला ती भानगड नाही. जुनं ट्रान्सफॉर्मरवालं जड मशीन स्वस्त मिळतं, पण दोघांशिवाय जागचं हलत नाही.

आता खरा प्रश्न. कोल्हापुरात उद्यमनगरला मशीन बघायला गेलात की दुकानदार विचारणार, ‘दोनशेचं देऊ की अडीचशेचं, ताई?’ म्हणजे किती अँपियरचं. तुम्ही आधी विचारा, इनपुटला किती ओढतं? हिशोब करून बघा. 2.5 मिमीचा रॉड 80 अँपियरवर छान चालतो. तेव्हा आर्कचा व्होल्टेज साधारण 23 असतो, म्हणजे दोन किलोवॉटच्या आत. मशीनचा तोटा आणि पॉवर फॅक्टर धरला की 230 व्होल्टच्या लाइनवर तेरा-चौदा अँपियर होतात. घरातल्या 16 अँपियरच्या सॉकेटवर हे जेमतेम बसतं. 3.15 चा रॉड 130 वर चालवायला गेलात तर वीस-पंचवीस अँपियर लागतील. त्यासाठी इलेक्ट्रिशियनकडून वेगळी लाइन, एमसीबी आणि पक्कं अर्थिंग करून घ्या. 3.15 चं काम गीझरच्या 16 अँपियरच्या सॉकेटवर करू नका. एक्स्टेंशन 2.5 चौरस मिमीची घ्या आणि पूर्ण उलगडून वापरा, गुंडाळलेली वायर तापते.

म्हणून हौशी कामाला खरं 160 ते 200 अँपियरचं मशीन पुष्कळ झालं. ‘खरं’ कसं ओळखायचं? पाठीमागची पाटी वाचा. ड्यूटी सायकल 60 टक्के म्हणजे दहा मिनिटांत सहा मिनिटं जोड मारता येतो, बाकी वेळ मशीन गार व्हायला. पाटीवर हा आकडाच नसेल तर ते मशीन घेऊ नका.

हेल्मेटमध्ये मात्र पैसे वाचवू नका, हे मी कळकळीने सांगते. ऑटो-डार्कनिंग, म्हणजे आर्क पेटताच काच आपोआप काळी होणारं घ्या, शेड (काचेचा काळेपणा) 9 ते 13 बदलता येणारं. हातात धरायच्या काचेत एक हात अडकतो, आणि शिकताना दुसऱ्या हाताने होल्डरला (रॉड धरायच्या मुठीला) आधार लागतोच. नुसत्या काळ्या गॉगलवर काम करणारे बरेच दिसतात. रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखी आग होते, चेहऱ्याची कातडी भाजते ती वेगळीच. हातमोजे चामड्याचे, मनगटाच्या वर जाणारे. कपडे जाड सुती, पायात बंद बूट. बायकांनी ओढणी काढून ठेवावी आणि वेणी कॉलरच्या आत घालावी. सिंथेटिक कापड ठिणगीने वितळून अंगाला चिकटतं.

100 मिमीचा ग्राइंडर लागेलच. त्याचा गार्ड काढायचा नाही. कटिंग व्हीलच्या मधल्या धातूच्या रिंगवर मुदत छापलेली असते, ती बघूनच चकती घ्या. बाकी जोडावरची खपली झाडायचा चिपिंग हॅमर, तारेचा ब्रश, काटकोनाचं मॅग्नेट.

रॉड 6013 (हा रॉडचा प्रकार), 2.5 मिमी. आपल्याकडच्या पावसात उघडं पाकीट ओल धरतं, तेव्हा घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. 16 गेजच्या पातळ स्क्वेअर पाइपवर लगेच जाऊ नका, भोक पडतं. नंतर जाल तेव्हा करंट उतरवा आणि होल्डर निगेटिव्हला लावा. जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला पाइप तर सुरुवातीला नकोच. जस्ताच्या धुराने संध्याकाळी थंडी वाजून ताप भरतो.

भंगारातून 25 बाय 5 ची पट्टी आणा. दोन तुकडे टी आकारात उभे करून दोन्ही टोकांना टाके (छोटे जोड) मारा, मग एकाच बाजूने जोड भरा. स्लॅग (जोडावरची खपली) झाडा, आडवा तुकडा व्हाइसमध्ये धरा आणि उभ्या तुकड्यावर हातोडा असा मारा की तो जोडाच्या बाजूला झुकेल. जोड उकलला तर आत बघा: मुळाशी पट्टीची कड जशीच्या तशी, धारदार दिसली तर लोखंड वितळलंच नव्हतं, नुसतं वर साचलं होतं. करंट पाच-दहाने वाढवा, आर्क आखूड धरा, पुन्हा मारा. जोड न उकलता पट्टी वाकायला लागली की स्टँडचे पाय कापायला घ्या.