हलक्या हेलिकॉप्टरचे इंजिन दगा देते तेव्हा : या चुका टाळा

इंजिन बंद पडले की हेलिकॉप्टर दगडासारखे कोसळते, हा समज खरा नाही. कलेक्टिव्ह (सर्व पात्यांचा कोन एकाच वेळी बदलणारा दांडा) वेळेत खाली घेतल्यास खालून येणाऱ्या हवेच्या झोतावर रोटर, म्हणजे वरचा मोठा पंखा, फिरत राहतो आणि या ऑटोरोटेशनच्या जोरावर हेलिकॉप्टर सुखरूप उतरवता येते. मात्र रॉबिन्सन आर-22 किंवा आर-44 यांसारख्या एका इंजिनाच्या हेलिकॉप्टरांचा रोटर हलका असल्यामुळे त्याचा वेग झपाट्याने घटतो आणि वैमानिकाच्या हाती जेमतेम एक-दोन सेकंद उरतात.

उंची कमी होत आहे हे जाणवताच कलेक्टिव्ह वर ओढणे, ही सर्वांत घातक चूक. त्यामुळे पात्यांचा कोन व हवेचा विरोध वाढून रोटरची गती आणखी घटते. ती नेहमीच्या गतीच्या 97 टक्क्यांवर आली की धोक्याचा भोंगा वाजतो. 80 टक्क्यांच्या आसपास पाती हवेची पकड सोडू शकतात आणि तेथून सावरणे शक्य नसते. म्हणून आधी कलेक्टिव्ह पूर्ण खाली, डावीकडे वळणारे नाक सावरण्यासाठी उजवे पेडल आणि आर-22 मध्ये सुमारे 65, आर-44 मध्ये सुमारे 70 नॉट (ताशी सागरी मैल) वेग. ऑटोरोटेशन स्थिरावण्यापूर्वी इंजिन पुन्हा सुरू करण्याच्या खटपटीत पडू नये.

ठाण्याच्या उकाड्यात कार्ब्युरेटरमध्ये (इंजिनासाठी हवा व इंधन मिसळणाऱ्या भागात) बर्फ कसा साचेल, असे समजणे ही दुसरी चूक, आणि माझ्या मते आपल्या भागात तिच्याकडेच सर्वाधिक दुर्लक्ष होते. इंधनाचे बाष्पीभवन आणि हवेचा घटता दाब यांमुळे कार्ब्युरेटरमधील तापमान 30 अंशांहूनही अधिक उतरू शकते. त्यामुळे पावसाळ्यातील दमट, 27-28 अंशांच्या हवेतही, विशेषतः कमी शक्तीवर खाली उतरताना, धोका गंभीर असतो. त्यातच गव्हर्नर ही स्वयंचलित यंत्रणा रोटरची गती राखण्यासाठी थ्रॉटल (इंजिनाची शक्ती वाढवणारी झडप) आपोआप उघडत राहते, म्हणून शक्ती घटत असल्याचे वैमानिकाच्या वेळीच लक्षात येत नाही. मॅनिफोल्ड दाब (इंजिनात शिरणाऱ्या हवेचा दाब, पाऱ्याच्या इंचांत) 18 इंचांखाली असताना कार्ब्युरेटरच्या तापमापकावर विसंबू नये, कार्ब हीट (कार्ब्युरेटरला गरम हवा देणारी सोय) पूर्ण द्यावी. आर-22 आणि आर-44 रेव्हन-1 यांना हे लागू आहे. आर-44 च्या रेव्हन-2 या प्रकारात कार्ब्युरेटरच नाही.

इंधनातील पाण्याबद्दल थोडक्यात सांगायचे तर, दिवसाच्या पहिल्या उड्डाणापूर्वी आणि इंधन भरल्यानंतर नमुना काढून पाहण्याचा कंटाळा करू नये.

उंची निवडतानाही चूक होते. आर-44 इंजिनाविना, स्थिर हवेत, सर्वोत्तम स्थितीतही 1,300 फूट उंचीमागे साधारण एक सागरी मैल, म्हणजे 1,852 मीटर जाते. वाशीचा खाडीपूल सुमारे 1,837 मीटर लांबीचा आहे, म्हणजे मध्यापासून किनारा 900 मीटरांहून अधिक दूर. 500 फुटांवरून जाणाऱ्या वैमानिकाला जेमतेम 700 मीटर मिळतील आणि ओहोटीला खाली चिखल असेल. हजार फुटांवर किनारा आवाक्यात येतो, तरी तेथील खारफुटी आणि उच्चदाबाच्या तारा लक्षात घेऊनच जागा हेरून ठेवावी. घोडबंदर रस्त्यावरील इमारतींच्या चित्रीकरणासाठी कमी उंचीवर तरंगत राहणे याहूनही वाईट, कारण तेथे ना उंची हाताशी असते, ना वेग.

शक्ती पूर्ण न जाता केवळ घटली, तर जुहूच्या विमानतळापर्यंत कसेबसे पोहोचू, हा हिशेब दाट वस्तीवरून उडताना करू नये. इंजिन चालू असतानाच मोकळ्या मैदानात उतरावे. तेथे इंजिन सुरळीत चालू लागले म्हणून लगेच पुन्हा उड्डाण करणे ही शेवटची चूक. बर्फ वितळला की त्याचा मागमूस राहत नाही. त्यामुळे त्या वेळचे तापमान, मॅनिफोल्ड दाब आणि कार्ब हीटची स्थिती लिहून ठेवावी आणि अभियंत्याने इंधन व इंजिन तपासून लेखी मंजुरी दिल्याखेरीज ते हेलिकॉप्टर उडवू नये.